पदर घेऊन फोन लावणारी विमल

विमल फोन लावण्याआधी डोक्यावर पदर घ्यायची. आधी चप्पल काढून टेबलाखाली सारायची, मग पदर सारखा करायची, मग नंबर दाबायची. समोरचा माणूस तिला दिसत नव्हता आणि ती त्याला दिसत नव्हती, तरी घ्यायची. ऑफिसातल्या पोरी हसायच्या. एकीनं एकदा विचारलं, "विमलमावशी, लाईनवर सासरे आहेत का?"

विमल म्हणाली, "कोनाचं तरी घर शे ना व माय. परक्याच्या दारात उघड्या डोक्यानं उभी राहू का?"

पोरींना ते पटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो फोन होता. विमलच्या दृष्टीनं ते दार होतं. दिवसभर ती अनोळखी लोकांची दारं वाजवायची, आणि लोक तिला शिव्या घालून हाकलायचे. तिनं कधी शिवीला उलट उत्तर दिलं नाही. "बरं भाऊ, येस मी," म्हणजे येते मी, म्हणायची आणि पुढचा नंबर लावायची.

ते ऑफिस विलासचं. घरात पाणी शुद्ध करायची मशीन विकायचं. जळगावात स्टेशनजवळच्या एका मार्केटात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पाच-सहा बायका-पोरी कानाला यंत्र लावून बसायच्या आणि जळगाव-धुळ्याच्या लोकांना फोन करायच्या. मी तिथे दुपारचे डबे द्यायचे. शेवभाजी, भाकरी, थंडीत भरीत. विमल माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची, ती तिथे कामाला लागली म्हणून डब्यांचं काम मला मिळालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्या ऑफिसात काय चालायचं ते मला सगळं कळायचं असं नाही, पण रोज जाऊन बसलं की बरंच कळतं.

खोली बघायला आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "माणसं किती?"

"एकलीच."

"नवरा?"

"वारला."

"पोरंबाळं?"

"एक पोर शे."

"कुठे असते?"

"माहीत नही."

मी खोली दिली. आपली पोर कुठे आहे हे माहीत नसलेली बाई मला आवडली असं नाही, पण ती खोटं बोलली नाही. भाडेकरू सहसा पहिल्याच दिवशी खोटं बोलतात.

पोरीची गोष्ट तिनं हळूहळू सांगितली. विमलचं गाव शिंदखेड्याकडे. पोरीचं नाव रूपा. धुळ्याला होस्टेलवर राहून शिकत होती. विमल रोज संध्याकाळी फोन करायची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवनी का व?" जेवलीस का, एवढंच. मग एक दिवस पोरीनं दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. घरच्यांनी काय करावं? तिचा फोटो भिंतीला लावून हार घातला. दहावं केलं, गंधमुक्ती केली, सगळं मेलेल्या माणसाचं करतात तसं. आमच्याकडे कोणी गेलं की लोक दारावर येतात. म्हणजे येऊन गुपचूप बसतात, पाणी पितात आणि न सांगता उठून जातात. तसे लोक आले. विमलला मधोमध बसवलं होतं.

"आणि तू बसलीस?" मी विचारलं.

"बसली."

"पोर जिवंत असताना?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, बायका गळ्यात पडून रडत होत्या. मी पन रडली. मला खरंच ती मेल्यासारखी वाटत होती. तीन-चार दिवसांनी भाकरी करताना आठवलं, मनी पोर जित्ती शे."

पुढे एकदा नवऱ्याच्या मोबाईलवर फोन आला. विमल चुलीपुढे होती. नवऱ्यानं ऐकलं, "राँग नंबर," म्हणाला आणि कट केला. मग जेवायला बसला आणि दोन घास खाऊन उठला. तो वारल्यावर तिनं तो मोबाईल घेतला, नंबर आपल्या नावावर करून घेतला, आणि दिराच्या घरातून निघाली. पोर जळगावकडे राहते असं कोणीतरी म्हणालं होतं, एवढ्यावर जळगावला आली. मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवायची. आंघोळीला जाताना माझ्या हातात द्यायची आणि सांगायची, "वाजला तर उचल, बंद होऊ देऊ नको." तो कधी वाजला नाही. वाजला तर मशीन, कर्ज, प्लॉट. दुसऱ्यांच्या ऑफिसातल्या बायका.

विलासच्या ऑफिसात ती पगारासाठी जायची हे खरं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. एकदा मी तिला म्हणाले, "जळगाव-धुळ्यात माणसं किती राहतात माहीत आहे का तुला? तू जन्मभर फोन लावत बसलीस तरी ती सापडणार नाही."

"सगळी कोठे जोयजे माले? एकच पाहिजे."

मी भांडी घासायला घेतली.

तिचा आवाज गोड नव्हता. घोगरा होता, झोपेतून उठल्यावर असतो तसा. पुरुषानं फोन उचलला तर ती मशीनचं सांगायची. म्हाताऱ्या बाईनं उचलला तरी मशीनचंच. पण एखाद्या तरुण बाईनं "हॅलो" म्हटलं की विमल मशीन विसरायची. "जेवनी का व?" विचारायची आणि कान लावून गप्प बसायची. समोरून "कोण पाहिजे?" आलं की मग कळायचं, ही नाही. मग पाण्याचं सुरू करायची. विलास चिडायचा. पण गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच बायका "हो जेवले, तुम्ही?" म्हणायच्या आणि मशीन बघायला तयार व्हायच्या. म्हणून तो फार बोलायचा नाही.

धरणगावची गोष्ट सांगते.

एकदा तिनं नंबर लावला आणि विचारलं, "रघुनाथभाऊ आहेत का?" तिकडून एक बाई म्हणाली, "त्यांना जाऊन आज सहा दिवस झाले." विमलनं फोन ठेवला. उठली. संडासाकडच्या नळावर जाऊन हातपाय धुतले आणि त्या दिवशी परत फोनला हात लावला नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "रविवारी धरणगावला जायचं. दारावर."

"कोणाच्या?"

"ज्याच्या घरी मी फोन केला त्याच्या."

"तुझा कोण लागतो तो?"

"कोनी नही. पन सुतकाच्या घरात जाऊन मी मेलेल्या मानसाला हाक मारली. आता जाऊन यायला पाहिजे."

मला ते वेड वाटलं. अजूनही वाटतं. पण ती एकटी जाणार होती आणि तिला त्या गावात कोणी ओळखत नव्हतं, म्हणून मी गेले. एसटीनं गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दारात पुरुष बसलेले, आत बायका. आम्ही आत जाऊन बसलो. एका म्हातारीनं हळूच विचारलं, "कुठल्या तुम्ही?" विमल म्हणाली, "जळगावच्या. फोनवाल्या." म्हातारीनं मान हलवली. तिला वाटलं असेल टेलिफोन ऑफिसातल्या. आम्ही पाणी प्यालो, थोडा वेळ बसलो आणि न सांगता उठलो.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर मागून ती बाई आली. रघुनाथभाऊंची बायको, सुमनबाई. सुतकातली बाई घराबाहेर आली म्हणून मी जरा दचकलेच.

"तुम्हीच का त्या पाण्याच्या मशीनवाल्या?"

विमलनं हात जोडले. "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"चुकलं नाही." बाई घराकडे बघून खालच्या आवाजात बोलत होती. "ते गेल्यापासून घरात कोणी त्यांचं नाव घेत नाही. पोरं आता वडील म्हणतात, सुना ते म्हणतात. तुम्ही नावानं विचारलं. पुन्हा कराल का फोन?"

"काय विचारू?"

"तेच. आहेत का म्हणून."

विमलनं विचारलं, "मग तुम्ही काय सांगाल?"

"सांगेन काहीतरी."

त्यानंतर दर बुधवारी विमल तिला फोन करायची. मी ऐकलंय. "रघुनाथभाऊ आहेत का?" तिकडून, "बाहेर गयात." "बरं, आले की सांगा." "सांगते." बस, एवढंच. विलासला वाटायचं गिऱ्हाईक पिकतंय. मशीन काही तिनं घेतली नाही. मी विमलला म्हणाले, "तुम्ही दोघी वेड्या आहात." ती म्हणाली, "हाव."

मग ते नियम आले.

नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. मी चुलीपुढे असताना, हात पिठात असताना तसे फोन मलाही यायचे, आणि मी विमलसारखी नाही, मी शिव्या घालायचे. लोक कंटाळले होते. ज्यांना फोन नको त्यांनी तसं नोंदवून ठेवलं तरी फोन येतच होते. मग लोक तक्रारी करायला लागले. विलासच्या ऑफिसातून फोन गेला की समोरच्याच्या मोबाईलवर लाल अक्षरात काहीतरी यायचं आणि तो उचलायचाच नाही. विमल पदर घेऊन बसायची आणि रिंग वाजून वाजून बंद व्हायची. "घरात असून दार उघडत नहीत," म्हणायची.

मग ऑफिसचे नंबरच बंद व्हायला लागले. साध्या मोबाईलवरून धंद्याचे फोन करायचे नाहीत, तक्रार झाली की नंबर तोडणार, असं झालं. विलासनं नवीन सिम आणली, तीही गेली. रीतसर नोंदणी करून वेगळा नंबर घ्यायचा तर कागद, खर्च, वेळ. त्याच्याकडे यातलं काही नव्हतं. मशीन गोदामात पडून राहिल्या. पोरी एकेक करून साडीच्या दुकानात, दवाखान्यात कामाला लागल्या. डबे कमी झाले. शेवटी विलासनं उरलेल्या बायकांना सांगितलं, "आपापल्या मोबाईलवरून लावा. महिनाभर निभावलं तर नोंदणी होईल. नाहीतर मी शटर ओढतो."

विमल म्हणाली, "माझा नंबर कामाचा नही."

त्या दिवशी ती घरी आली आणि भाकरी समोर घेऊन नुसती बसली. मला तिचं कोडं दिसत होतं. ऑफिस बंद झालं तर पोरीला शोधायचं बंद. आपला नंबर वापरला आणि तो गेला, तर पोरीला माहीत असलेला एकच नंबर गेला. मी म्हणाले, "वापरू नको." मला विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

"इतकी वर्षं तो वाजेल म्हनून वाट पाहिली, अक्का. वाजला का?"

"नाही."

"मग? मी शोधते ते तरी चालू राहील."

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या मोबाईलवरून फोन लावले. पदर घेऊन, चप्पल काढून. आठवडा निघाला नाही तोच नंबर बंद झाला. कोणीतरी तक्रार केली असणार. करणाऱ्याचं काही चुकलं नाही. त्याला काय माहीत?

मी तिच्याबरोबर मोबाईल कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरचा पोरगा चांगला होता. त्यानं बसायला खुर्च्या दिल्या, कॉम्प्युटरवर बघितलं, म्हणाला, "मावशी, हा नंबर तक्रारीवरून बंद झालाय. परत मिळणार नाही. नवीन घ्या."

विमलनं विचारलं, "आता या नंबरवर कोनी फोन केला तर काय ऐकू येईल?"

"एक बाई सांगेल, हा नंबर अस्तित्वात नाही."

"असंच सांगेल?"

"हो. तीन भाषांत."

विमल त्याला म्हणाली, "बरं भाऊ, येस मी." घरी आल्यावर तो बंद मोबाईल तिनं परत ब्लाऊजमध्ये ठेवला. आंघोळीला जाताना माझ्या हातात दिला. मी घेतला. बुधवारचा सुमनबाईचा फोन ती माझ्या मोबाईलवरून करायला लागली. मी कुरकुर केली, पण दिला.

विलासची नोंदणी झाली, पण तोवर ऑफिसात माणसं नव्हती आणि त्याला आता माणसं नकोही होती. त्यानं ठरवलं, एकदाच एक आवाज भरून ठेवायचा आणि कॉम्प्युटरनं तो सगळ्यांना ऐकवायचा. नियमातल्या नंबरवरून, नियमातल्या वेळात, मंजूर झालेल्या मजकुरानं. मशीन पाहिजे असेल तर एक दाबा, नको असेल तर दोन दाबा. त्यानं विमलला विचारलं. तिनं एकच विचारलं, "किती घरी जाईल?"

"दिवसाला हजारो. तू वर्षात लावले नसतील तितके."

"मग भरते. पन अक्का समोर बसेल. भिंतीशी बोलता येत नही मला."

विलासच्या केबिनमध्ये भरलं. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. जळगावचा उन्हाळा, पंखा बंद, दार बंद. तिघं घामानं भिजलो होतो. विमलनं चप्पल काढली, पदर घेतला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली. "नमस्कार. मी विमल बोलते, जळगावहून. तुमच्या घरी पाणी कसं येतं?" आणि थांबली. मी म्हणाले, "चार दिवसांआड." विलास ओरडला, "अक्का, तुम्ही बोलू नका, नुसती मान हलवा." परत पहिल्यापासून. ती विचारायची, थांबायची, मी मान हलवायची, मग ती पुढे जायची. माझ्या मानेइतकी ती थांबायची. एक दाबा, दोन दाबा झालं. विलास बंद करणार, तेवढ्यात ती माझ्याकडे बघूनच म्हणाली, "जेवनी का व?"

माझ्या तोंडून निघालं, "हो, जेवले."

विलास म्हणाला, "हे काढायला लागेल. मंजूर मजकुरात नाही."

"मग माझा आवाजच काढून टाक."

विलासनं कपाळ पुसलं. त्याला पंखा लावायचा होता. "राहू द्या," म्हणाला.

यानंतर तिला काम नव्हतं. तरी ती रोज ऑफिसात जायची. मी शेवटचे रिकामे डबे परत न्यायला गेले तेव्हा बघितलं. टेबलं हलवलेली, यंत्रं गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली, मधे एक कॉम्प्युटर आपोआप चाललेला. त्यातून आवाजही येत नव्हता. तिचाच आवाज कुठे कुठे जात होता, आणि खोलीत सामसूम. त्याच्यासमोर विमल खुर्चीवर बसलेली, चप्पल बाजूला, डोक्यावर पदर. मी विचारलं, "आता पदर कशाला? तू बोलत नाहीस."

"बोलतेय ना," ती म्हणाली.

विमल म्हटलं की मला ती तिथेच दिसते.

वैशाखात गेली. दुपारी डोकं दुखतं म्हणाली, मागच्या खोलीत आडवी झाली. चहाला हाक मारली तर उठली नाही. ऊन लागलं असं डॉक्टर म्हणाला. मी गावाकडे निरोप पाठवला. दीर आला, अंगणात उभा राहिला, विधी उरकून गेला. बंद मोबाईल मी ठेवून घेतला. तो कोणी मागितला नाही.

दारावर कोण येणार होतं तिच्या? मी दार उघडं ठेवून बसले होते, रीत म्हणून. सहाव्या दिवशी धरणगावहून सुमनबाई आली. बुधवारी फोन आला नाही म्हणून तिनं माझ्या नंबरवर लावला होता, तेव्हा विमल गेल्याचं मीच सांगितलं होतं. आली, बसली, पाणी प्याली. मी तिला काही बोलले नाही, ती मला काही बोलली नाही. न सांगता उठून गेली. आता बुधवारचा फोन मी करते. मला गोड बोलता येत नाही. "रघुनाथभाऊ आहेत का?" "बाहेर गयात." "बरं." ठेवते.

पण विमल थांबली नाही. कॉम्प्युटरला कोण सांगणार? तेरावं व्हायच्या आत भाजीवाला मला म्हणाला, "अक्का, तुमच्या भाडेकरणीचा फोन आला होता काल. बरी झाली का?" शेजारची सून फोन हातात घेऊन पांढरीफटक होऊन माझ्या दारात आली. बँकेत रांगेत उभी होते तर पुढच्या माणसाच्या मोबाईलमधून ऐकू आलं, "तुमच्या घरी पाणी कसं येतं?" त्यानं दोन दाबलं आणि फोन खिशात टाकला.

एकदा मलाच आला. कणीक मळत होते. कोपरानं फोन चालू केला. "नमस्कार. मी विमल बोलते, जळगावहून." मी तशीच उभी राहिले. ती विचारायची आणि थांबायची, आणि ते थांबणं माझ्याच मानेचं होतं. माझी मान आपोआप हलली. मग "जेवनी का व?" आणि लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी, एक म्हातारी म्हणाली, "हो, जेवले." तो आवाज माझा आहे हे कळायला मला वेळ लागला. मी भुताखेताला भीत नाही. पण त्या दिवशी कणीक तशीच झाकून ठेवली.

विलासला जाऊन म्हणाले, "बंद कर ते."

विलासनं मान खाली घातली. "अक्का, तसंही बदलतंय. आता नवा नियम झालाय. ज्यांनी एक दाबून होकार दिला, त्यांनाच पुढे फोन जाईल. बाकीचे नंबर बाद. शेवटची एक फेरी उरलीय. त्यात जे दाबतील ते राहतील." मग कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "एक सांगू का? कोणी शेवटपर्यंत ऐकलं का, असं विमलमावशी रोज विचारायची म्हणून मीही बघतो. लोक पाच-दहा सेकंदांत तोडतात. एक नंबर आहे. दर वेळी शेवटपर्यंत ऐकतो. सगळं संपल्यावरही धरून ठेवतो. एक दाबत नाही, दोनही दाबत नाही."

"कुठला?"

"भडगावचा. यंत्रात एवढंच कळतं."

"बाद होईल तो?"

"दाबलं नाही तर होईल."

"तू लावून बघ ना."

"मी लावला तर माझं नवीन कनेक्शन जाईल, अक्का."

मी नंबर मागितला. देऊ नये असं तो म्हणाला, आणि दिला.

घरी आले. दुपारचे दोन वाजले असतील, जेवायचं राहिलं होतं. मी असा फोन आयुष्यात कोणाला लावला नव्हता. ज्या बाया लावायच्या त्यांना मी शिव्या दिलेल्या. दारात चप्पल काढलेलीच होती. पदर डोक्यावर घेतला. स्वतःच्या स्वयंपाकघरात, एकटी असताना. नंबर दाबला.

"हॅलो." बाईचा आवाज. तरुण. मागे कुकर.

"मी जळगावहून बोलते."

"नकोय आम्हाला काही."

"विकत नाही मी. तुला तो पाण्याच्या मशीनचा फोन येतो ना, त्या बाईच्या घरून बोलते."

कुकरची शिट्टी झाली. तिनं फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "आई आहे का तिथे?"

सुमनबाई म्हणते तसं, बाहेर गेलीय, म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "नाही. वैशाखात गेली."

"पण परवा फोन आला."

"तो भरून ठेवलेला आवाज आहे."

ती रडली नाही. निदान मला ऐकू आलं नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. दर वेळी तेच बोलते, मी बोलले तरी पुढे जाते. पहिल्यांदा मी खूप ओरडले फोनवर. मग त्या नंबरवर उलटा लावला तर लागतच नाही. जुन्या नंबरवर लावला, तर तो अस्तित्वात नाही म्हणतात. मग मी नुसती उत्तर द्यायला लागले. जेवले म्हणून."

"त्या आधी का नाही लावलास?"

"लावला होता. एकदा."

तो मला माहीत होता.

"मावशी, तिनं विचारलं की मागून एक बाई म्हणते, हो, जेवले. त्या कोण?"

"ती मी."

"अच्छा," ती म्हणाली. तिला त्याचं काय वाटलं कोण जाणे. "बंद होणार का तो फोन?"

"अजून एकदा येईल. त्या वेळी एक दाब. दाबलं नाहीस तर तुझा नंबर बाद होईल."

"मशीन घ्यावी लागेल?"

"घ्यायची नाही. कोणी विचारायला आलं तर विचार करते म्हण. पण एक दाब. दोन दाबू नको."

"एक दाबला की परत येईल?"

"येईल."

मी माझा पत्ता सांगितला, मोबाईल ठेवलाय तुझ्या आईचा, म्हणाले, येऊन घेऊन जा. ती बरं म्हणाली. मी ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवलात का?"

भाकरी झाकलेली होती. अजून ताटही घेतलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले, "जेवले."